आहे

रावेरात सावली अंगणात नसते,
ती मागून आणावी लागते.
माझ्याकडची सकाळी नारखेड्यांच्या भिंतीची,
दुपारी पाण्याच्या टाकीची,
चारनंतर निंबाची, तीही चाळणीतून गाळल्यासारखी.
या तिघींच्या मागे मी दिवसभर
एक कुंडी सरकवत असते.
कुंडीत काही दिसत नाही.

पालच्या दवाखान्यात माझ्यासोबत होती हुरमत तडवी.
निवृत्तीला सगळ्यांनी शाल दिली, घड्याळ दिलं,
तिनं रुमालातून काढली आल्यासारखी एक गाठ,
तिला लोंबणारे चार-पाच मणी,
नाल्याकाठची माती अजून ओली.
"भुईचाफा हाये, बाई. उन्हात ठेवू नको.
अन् निजला का उठवू नको."

मी उठवला.
कार्तिकात पानं पिवळी होऊन आडवी पडली
तर घाबरून रोज तांब्याभर पाणी.
तीस वर्षं सलाईन लावणारे हात,
थांबणं कुठे शिकलेले!
संक्रांतीला उकरून पाहिलं:
बोटांना नासक्या बटाट्याचा वास.

दुसरी गाठ मागायला फोन केला
तेव्हा हुरमत बराच वेळ हसली.
या खेपेला एसटीतून सागाचा पालाही आला, पोतंभर.
"मातीत अर्धा हाच घाल. त्याले घर वाटन."

एक पावसाळा पानं. मग पाच महिने कोरडी माती.
ह्यांनी तिच्यात मेथी टाकली.
"रिकामीच तर होती," म्हणाले.
एकेक रोप उपटलं मी, भाजी केली,
रागानं तिखट.
सून विचारायची, मेला का हो?
मी नाही म्हणायची. रात्री मात्र खात्री नसायची.

वैशाखात पारा सत्तेचाळीस,
केळीबागेभोवतीची शेवरीसुद्धा करपली.
सावद्याला लग्नाला गेलो, दोनच दिवस.
परत आले तर मातीला चिकटलेलं काहीतरी जांभळट,
खिशात धुतल्या गेलेल्या तिकिटासारखं.
उमलून गेला होता. कोणी नसताना.
हातात लाडवांची पिशवी तशीच,
मी टाकीला टेकून बसले.

दुसरा पहाटे आला.
पान नाही, देठ नाही,
भेगेतून थेट फूल.
पांढऱ्या चिंचोळ्या पाकळ्या, मधोमध जांभळा ओठ.
वास घ्यायचा तर फरशीवर पालथं पडावं लागतं.
पडले. गुडघे कडकडले.
नारखेड्यांची नात भिंतीवरून म्हणाली,
"आज्जी, काय हरवलं?"

दुपारपर्यंत तोही गेला.
संध्याकाळी हुरमतला सांगितलं.
ती म्हणाली, नाल्यावरचे साग औंदा गेले,
ऊन आता तळापर्यंत पडतं.
फोनमधून कोंबड्यांचा कलकलाट येत राहिला.
"तुझ्याकडं हाये ना," एवढंच बोलली.

आता पानं आलीत, पाठीनं वांग्याच्या रंगाची.
दिवाळीनंतर जातील.
तेव्हासाठी आजच कुंडीवर चुन्यानं लिहून ठेवलंय,
नाव नाही,
ह्यांना चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरात:
आहे.