तीन फावडी माती

नळी सात फूट लांब, लोखंडी, टोकाला भाल्यासारखी.
आधी हिरवळीतून जाते, मग काळ्या मातीतून,
मग लाकूड लागतं. ते आता लाकूड राहिलेलं नाही,
भिजलेल्या पावासारखं हाताला कळतं.
आणि मग ती जागा येते
जिथे नळी क्षणभर अडते,
आणि फट्.

तेवढंच.
मी पंपाची खटकी दाबतो. चुन्याचं पाणी खाली उतरतं.
एका कबरीला दहा मिनिटं.
सकाळपासून अकरा झाल्या.

माझ्या लहानपणी या फियोर्डकाठी स्वच्छतेचं वारं सुटलं होतं.
विहिरी झाकल्या, गोठे चुन्यानं रंगवले,
शाळेत आमची नखं तपासली.
मेलेल्यांनाही नियम आला:
पेटीत ठेवण्याआधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा.
रोगराई नको, पाण्यात काही झिरपायला नको.
वडील सुतार. पेट्या तेच करायचे, म्हणून गुंडाळायचेही तेच.
रोल खांद्यावर घेऊन घरोघर जायचे
आणि परत येऊन सांगायचे,
"एक थेंब बाहेर येणार नाही."

आला नाही.

आमच्याकडे मेलेल्याला वीस वर्षं जागा मिळते.
मग त्याच खड्ड्यात दुसरा.
वीस वर्षांत माती आपलं काम उरकते, असा हिशोब होता.
पहिला खड्डा उघडला तेव्हा मी नुकताच कामाला लागलो होतो.
आत मेणासारखा पांढरा, भुवयांसकट
गावचा पोस्टमन बोर्गार.
आम्ही झाकण लावलं. माती परत लोटली.
दुपारचे डबे कुणी उघडले नाहीत.

पाद्री प्रत्येकावर तीन फावडी माती टाकतो.
मातीतून आलास, म्हणतो,
माती होशील, म्हणतो.
त्या काळच्या एकालाही
त्यातला कण लागला नाही.

एका बाजूला कातळ, दुसरीकडे पाणी.
नव्या मेलेल्यांना ठेवायचं कुठे?
म्हणून ही नळी. म्हणून चुना.

बारावी: ओळ नऊ, दगडावर शेवाळ,
ओद्दलाउग, आणि पुढे आमचं आडनाव.

हबतोम माझ्याबरोबर काम करतो, एरिट्रियाहून आलेला.
त्यानं दगड वाचला. नळीला हात घातला.
"ही मी करतो."
त्याच्या गावी म्हणे माणूस दुपारी गेला
तर सूर्य बुडायच्या आत पांढऱ्या कापडात, थेट मातीत.
मी म्हटलं, पंप तू सांभाळ.

मी नऊ वर्षांचा होतो. दाराच्या फटीतून पाहिलं होतं.
वडिलांनी आईला दोनदा गुंडाळलं.
इतरांना एकदा, तिला दोनदा.
कोपरे तळहातानं सारखे केले,
ती आमची अंथरुणं करायची तसे.
उरलेला रोल बागेत स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर घातला.
त्या जूनमध्ये फळं लवकर आली.
आम्ही दोघांनी खाल्ली, न बोलता, वाडगं भरभरून.

हिरवळ. काळी माती. भिजलेला पाव.
मग ती जागा.
दोनदा अडली नळी.
फट्.
आणि खाली, थोडं थांबून, पुन्हा.

हबतोमनं दहाऐवजी पंधरा मिनिटं पंप चालू ठेवला.
मी घड्याळाकडे बोट दाखवलं नाही.
वहीत लिहिलं: ओळ नऊ, क्रमांक चार. चुना दिला.
वर्षानंतर जागा मोकळी.

वडील नव्वदीचे आहेत, वृद्धाश्रमात,
खिडकीतून दिसणाऱ्या होड्या मोजतात.
रोज संध्याकाळी विचारतात, "आज किती?"
मी आकडा सांगतो. ते मान हलवतात.
आज आकडा ऐकून बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, "तिचं टिकलं होतं का रे?"

माझ्या नखांत चुना होता.

"टिकलं होतं," मी म्हटलं.
"एक थेंबसुद्धा नाही."