अक्षरामागे बेचाळीस पौंड

हॅलिफॅक्सच्या जुन्या सूतगिरणीच्या कपाळावर
तेरा अक्षरांचं एक साल होतं,
MDCCCLXXXVIII.
एवढ्याशा सालाला तेरा अक्षरं!
मालकाला तेव्हा दगड परवडत असणार.

एका कडाक्यात शेवटचा दांडा निखळला.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
गिरणी एका वर्षानं म्हातारी झाली इतकंच.
मग दुसरा गेला, तिसरा गेला,
आणि कौन्सिलात माझ्या टेबलावर फाइल आली:
खर्चाचा अंदाज काढा.

मी इचलकरंजीची. सूतगिरणी मला नवी नाही,
आकडे तर नाहीतच.
डबा खाताना फाइलच्या पाठीवर
अवयव पाडत बसले.
अठराशे अठ्ठ्याऐंशी
पाच वेळा निमूट अर्धं होत गेलं
आणि एकोणसाठवर अडलं,
भातात खडा लागावा तसं.
एक दांडा पडला की तीन, सतरा, सदतीस.
दुसरा पडला की दोन, तेवीस, एक्केचाळीस.
तिसरा पडला की पाच, तेरा, एकोणतीस.
भिंतीला भिंत लागलेली सालं,
आणि गोत्र प्रत्येकाचं निराळं.

बर्नार्ड हेली परातीवर चहा ठेवून छिन्नी पाजळत होता.
म्हणाला, एक वर्ष थांबले असते
तर IX वर भागलं असतं, दोन अक्षरं वाचली असती.
मी म्हटलं, भागलं कसलं?
अठराशे एकोणनव्वद कशानंच भागत नाही.
तो हसला. त्याला विनोद कळला नव्हता,
मराठीतून इंग्रजीत नेताना तो माझ्याच हातून सांडला होता.

मग त्यानं विचारलं,
या असल्या अक्षरांनी रोमन लोक भागाकार कसा करायचे?
करायचेच नाहीत, मी म्हटलं.
पाटीवर खडे सरकवायचे,
अक्षरं फक्त उत्तर लिहून ठेवायला.
तो बराच वेळ छिन्नीकडे बघत राहिला.
"म्हणजे शेवटी दगडच."

आमच्यात एकोणसाठ म्हणजे
साठाला एक उणा, मी सांगितलं.
नऊला उंबऱ्याबाहेर थांबवून
दहाच्या नावानं हाक मारायची
ही खोड रोमनांची आणि आमची एकच.
तो म्हणाला, मी एकोणसाठचा.
पुढच्या मार्चला हत्यारं खाली ठेवणार.
आणि मला इथं येऊन बत्तीस वर्षं.
बत्तीस गुणिले एकोणसाठ.
मी त्याला सांगितलं नाही.
असले मेळ कुठल्याही आकड्यात निघतात,
जेवणाची सुट्टी लांबली की हमखास.

लाख कसा लिहायचे, त्यानं विचारलं.
C वर एक आडवी रेघ.
रेघ आली की हजारपट.
एवढंच? एवढंच.
मग मी खडूनं खालच्या चिऱ्यावर
माझं नाव लिहिलं, वैजयंती,
आणि सवयीनं वरून रेघ ओढली.
शाळेत या रेघेसाठी मार खाल्ला होता,
वाकडी आली म्हणून, तुटक आली म्हणून.
बर्नार्ड दोन पावलं मागे सरला,
चष्मा कपाळावर चढवला.
"बापरे," म्हणाला, "हा आकडा केवढा?"

माहीत नाही, मी म्हटलं.
अजून अवयव पाडलेले नाहीत.

वारा सुटला होता. परातीच्या फळ्या कुरकुरत होत्या.
खाली बसस्टॉपवर एक मुलगा
मान वर करून उरलेली अक्षरं मोजत होता,
आणि दर वेळी L पाशी चुकत होता.
मी ओल्या बाहीनं नाव पुसलं.
अंदाजपत्रकात तीनच दांडे धरले:
बेचाळीस त्रिक एकशे सव्वीस,
परातीचं भाडं वेगळं.