माप

बिर्ज्यांच्या रेणुकाचं माप
अजून आहे माझ्या वहीत.
टेप धरून मी म्हटलं, साकु.
ती म्हणाली, इन्नू.
'खांदा' पुढे तिनेच लिहिलं :
थोडा जास्त ठेवा मामा, लागणार आहे.

बापानं शहापूरच्या मागावर विणलेली इरकली
तिनं आणून टाकली टेबलावर. म्हणाली, कोट.
काठ कॉलरला, पदर पाठीवर.
माझी कात्री चालायची नाही गा पोरी, म्हटलं.
तिनं खडू उचलला, रेघ ओढली.

त्या कोटात ती वडगावच्या मंडपात गायली,
अर्धं गाणं मराठीत, अर्धं कन्नडात,
मधे श्वास न तोडता.
चपला दोन्ही बाजूंनी आल्या.
तिनं मोजल्या. सात.
एकही जोडी लागेना.

मग बेंगळूर, मुंबई. पडद्यावर
कधी फौजदारीण, कधी चक्क म्हातारा.
एका सकाळी खडेबाजाराच्या तोंडाशी फलक :
डोक्याचा गोटा, कानात आजीची बुगडी,
ओठ असे, की आत्ता उलट बोलेल.
बिर्जे महिनाभर
लांबच्या गल्लीनं सायकल नेत होते.

परवा शटर ओढताना आले.
पिशवीत कापड, मागावरून नुकतंच उतरलेलं,
काळं, काठ लालजर्द.
बसले नाहीत. कुंद्याचा पुडा ठेवला,
रस्त्याकडे बघत विचारलं,
त्या कोटाला किती लागलं होतं?

मी वही उघडली.
तसं नको, म्हणाले,
खांदा आता मोठा धर.