ढगाचं भाडं

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी
बिल हातात धरून बाबा माझ्या कामाच्या फाटकाशी आले.
किविलांपी स्की मंडळ, शेअर्ड होस्टिंग, एक वर्ष,
अठ्ठेचाळीस युरो.
मंडळात माणसं उरलीत दोन:
खजिनदार म्हणजे हे,
आणि सभासद ओइवा, जो औलूच्या इस्पितळात
नळीतून जेवतो.
"पैसे देईन," म्हणाले, "आधी वस्तू दाखव."

मी आत घेतलं त्यांना.
ही इमारत माझ्याहून त्यांच्या ओळखीची,
एकतीस वर्षं इथेच, कागदाच्या तीन नंबर यंत्रावर.
ओला लगदा सरकायचा तिथे
आता काळी कपाटं उभी. आम्ही रॅक म्हणतो.
दर खणात एक सपाट पेटी, तो सर्व्हर.
कॉम्प्युटरच, बाबा. पडदा नाही, कळफलक नाही,
कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, एवढीच नोकरी.
"रात्रपाळीपण?"
रात्रपाळीपण. न थांबता किती चालला
त्याला अपटाइम म्हणतात.
"आम्ही हजेरी म्हणायचो."

मग ढग कुठाय, म्हणून त्यांनी वर पाहिलं.
छताला तेच गर्डर, तोच गंज.
ढग म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचं यंत्र,
दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं वर आहे.
लागेल तेवढं घ्यायचं, घेतलं तेवढं मोजायचं,
गर्दी झाली की वाढवायचं, पांगली की आटवायचं.
"म्हणजे विजेचा मीटर," बाबा म्हणाले,
"नाव तेवढं कुणा कवीकडून ठेवून घेतलंय."

शेअर्ड कसं सांगू?
आपल्या बिल्डिंगच्या तळघरातला सौना आठवा.
शनिवारी सहा ते सात आपला, पुढचा तास वरच्या मजल्याचा,
दगड तेच, वाफ ज्याची त्याची.
फक्त इथे सगळ्यांची वेळ एकच,
एकानं अख्खी बादली ओतली
की बाकीचे गार बाकावर.
नको असेल तर तळ्याकाठी स्वतःची झोपडी घ्या,
लाकडंही स्वतःच फोडा. ते डेडिकेटेड.
आणि मधली सोय, व्हर्च्युअल मशीन:
एकाच खोलीत पडदे लावून दहा बिऱ्हाडं,
ज्याला त्याला वाटतं, घर माझं एकट्याचं.
"पडद्याआडून आवाज?"
येऊ नये म्हणूनच मला पगार.

बॅकअप सांगावा लागला नाही.
हिल्लाचा मुरंबा आई तीन तळघरांत ठेवायची,
आपल्या, मावशीच्या, चर्चच्या.
नदी चढली त्या वर्षी
चर्चची बरणी उघडली होती आपण.

"आमचं पान कुठल्या पेटीत?"
मी पत्ता टाइप केला, पत्त्यामागचा आकडा काढला,
एक हाक मारली.
छत्तीस मिलिसेकंदांनी ओ आली.
हाक आणि ओ यांच्यामधलं हे अंतर, लेटन्सी.
इथल्या इथे असतं तर
एकही लागला नसता.
बाबा, तुमचं मंडळ इथे नाही.
हॉलंडमध्ये आहे ते.
समुद्रसपाटीच्या खाली.

एकसष्टपासूनचे निकाल,
दोन बोटांनी टाइप केलेला एकेक हिवाळा,
उणे तिसातला घाम, मिनिटांत आणि सेकंदांत,
अशा मुलखात जिथे टेकाडसुद्धा मुद्दाम बांधावं लागतं.
बाबा इतके हसले
की पहारेकऱ्यानं दारातून डोकं आत घातलं.

"मग इथे कोण राहतं?"
माहीत नाही. सगळं कुलपात असतं,
परक्यांचे हिशेब, पत्रं, लग्नांचे व्हिडिओ.
कुणी बघायला लागलं की पेटी तापते,
ती ऊब आम्ही पाण्याला देतो,
पाणी नळांतून गावात जातं.
तुमच्या रेडिएटरमध्ये.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.
अठ्ठेचाळीस भरले.
ओइवाला कळवलं, तो खोकत खोकत हसला म्हणे.
आणि लोकरीचे मोजे टाकलेत रेडिएटरवर,
कुणाच्या तरी लग्नावर वाळतायत.
"पण डाव्याची टाच ओलीच आहे अजून," म्हणाले,
"तिकडे त्यांना सांग की,
आणखी थोडं नाचा."