आठवा ब्रश

सुवाऊकीच्या रोजगार कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून मी बसतो.
माझ्याकडे येतात ते लोक
ज्यांना सरकारकडून अनुदान हवं असतं
आणि त्याआधी स्वतःला उद्योजक म्हणवून घ्यावं लागतं.
दुसरं जास्त अवघड जातं.

बोगुमिला प्शिबिल, वय एकावन्न.
डेअरीत बावीस वर्षं झाकणं मोजली,
मग झाकणं मोजणारं यंत्र आलं.
अर्ज निळ्या शाईत, अक्षर शाळकरी.
व्यवसाय: थडगी धुणे.

मी पुन्हा वाचलं. थडगी धुणे.
शेवाळ काढणे, मेण खरवडणे,
सुकलेली शेवंती उचलणे,
काम झाल्यावर फोटो पाठवणे.

रकाना नऊ: आपले ग्राहक कोण?
तिनं लिहिलं होतं: मेलेले.
मग ते खोडून: त्यांची मुलं,
डब्लिनला, ऑस्लोला, एक जण कॅनडात.
खोडलेलं तरी वाचता येत होतं.
रकाना दहा: स्पर्धक?
पाऊस. आणि दफनभूमीतल्या विधवा,
त्या फुकट करतात.
रकाना चौदा: मागणी घटण्याची शक्यता?
तिथं नुसती आडवी रेघ.

"रेघ म्हणजे उत्तर नव्हे, बाई," मी म्हणालो.
तिनं खुर्ची पुढे ओढली, माझंच पेन घेतलं
आणि रेघेवर लिहिलं:
कमी.

समितीत हशा पिकला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
पण मंजूर झालं. चोवीस हजार झ्लॉटी.
अट एकच, बारा महिने धंदा चालवायचा;
एक दिवस आधी गुंडाळला
तर व्याजासकट परत.
आणि दोन जामीन.

एक मिळाला, मेव्हणा, शाळेत शिपाई.
दुसऱ्यासाठी तिनं महिनाभर उंबरे झिजवले.
शेवटी सही केली एका दंतवैद्यानं,
ज्याच्या आईचं थडगं तिनं
न विचारता, आगाऊ, लख्ख करून ठेवलं होतं.
हे नियमात बसतं का
ते मी तपासलं नाही.

जानेवारीत थडगी दिसतच नाहीत.
बर्फाखाली मास्तर काय, पाद्री काय, सगळे सारखे.
विम्याचा हप्ता तेवढा बर्फातूनही वर येतो.
फेब्रुवारीत ती आली, ओल्या बुटांनी.
"दोन महिने बंद ठेवलं तर?"
"पैसे परत."
"आणि मीच मेले तर?"
मी नियमावली चाळली. "मग बहुधा माफ."
"बघा," ती म्हणाली, "एक ग्राहक वाढणार
आणि नेमकी धुणारी जाणार."
त्या वर्षी ती पहाटे बेकरीची फरशी पुसायची,
हे मला नंतर कळलं. अर्जात तसा रकाना नाही.

अकराव्या महिन्यात मी तपासणीला गेलो.
ऑक्टोबरची अखेर, सर्व संतांचा दिवस तोंडावर,
फाटकाशी मेणबत्त्यांचे ढीग,
आणि आत कुठेतरी तिचं यंत्र घुमत होतं.
प्रेशर वॉशर: अनुक्रमांक जुळला.
जनरेटर: जुळला.
पाण्याची टाकी: एक पोचा, बाकी जुळली.
ब्रश, नग आठ.
मी मोजले. सात.

"आठवा?"
तिनं एप्रनच्या खिशातून लाकडाची पट्टी काढली.
एकही केस शिल्लक नाही,
कडा संपत आलेल्या साबणासारख्या गोल.
"हाच."

तपासणीच्या कागदावर पर्याय तीन:
उपलब्ध, विकला, हरवला.
एक बाई कुठल्याशा नावावरून हात फिरवत होती,
अक्षरं ओली होती, वाचता येत होती.
मी बराच वेळ उभा राहिलो.
मग समासात, शिक्क्याच्या बाहेर, लिहिलं:
झिजला.

मुदत संपली. तिचा धंदा चालू आहे.
फाईल मात्र वरून परत आली,
त्या एका शब्दाभोवती लाल वर्तुळ,
खाली शेरा: म्हणजे काय?
पंधरा दिवसांत खुलासा करावा.

म्हणून हे एवढं लांबलं.