अर्धा पत्ता

आमच्याकडं गोळ्यांच्या पाकिटाला पत्ता म्हणतात.
अख्खा पत्ता घेणारी माणसं थोडी.
चार द्या, सहा द्या,
पुढच्या बाजारापर्यंत पुरतील एवढ्या द्या.
म्हणून गल्ल्याजवळ कात्री,
दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली.

सुगंधा कुमरे दर मंगळवारी सात न्यायची.
मिरगीच्या.
चौदाव्या वर्षी फिट आला तो चुलीसमोरच,
डावा हात कोपरापर्यंत
अजून वाळल्या चिंचेसारखा.
यवतमाळच्या डॉक्टरची चिठ्ठी घड्यांवर फाटली,
मीच चिकटपट्टी लावून दिली.
तारीख पाहिली नाही.
सासरी ठाऊक नव्हतं. गोळ्या ती
शिकेकाईच्या डब्यात ठेवायची.

एका मंगळवारी म्हणाली,
"दिवस गेले का पाहाची, ते पट्टी पन द्या, भाऊ,"
आणि रस्त्याकडं पाहू लागली.
मी दोन्ही एकाच कागदात गुंडाळलं.
एकाच कागदात.
माझ्या नावाचं लायसन वर काचेत होतं.

पत्त्याच्या मागं लिहिलेलं असतं,
लाल चौकटीत, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत:
गरोदर बाईनं, किंवा होऊ शकेल अशा बाईनं,
डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.
मला वाचता येतं ते. तेवढ्यासाठीच तर
अमरावतीला दोन वर्षं काढली.
पण कात्री चौकटीतूनच जायची.
अर्धं वाक्य तिच्या डब्यात,
अर्धं माझ्या ड्रॉवरात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरगी झाली.
बाहेर लेकरं लाकडी बैल ओढत होती.
कमरेच्या वर, मणक्यावर,
लिंबाएवढी मऊ गाठ.
सेवाग्रामला ऑपरेशन झालं, गाठ गेली.
पाय मात्र निजलेलेच.

सासू म्हणते, गिऱ्हणात हिनं काहीतरी चिरलं.
कात्री माझ्या हातात होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीनं धोका वाढतो.
याच पोरीचं त्यानंच झालं का,
ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही;
न घेणाऱ्या बायांनाही होतात अशी काही.
त्या 'काही'त मी लपून पाहतो.
जागा पुरत नाही.

परवा आली. कडेवर पोर, हातात नवी चिठ्ठी.
गोळी बदललेली, सोबत फॉलिकची, पिवळी, बारकी.
"दुसरं पाहिजे असन तं आधी ये म्हने बाई.
आन् मनानं सोडू नोको म्हने, फिट आला तं जीव जाते.
मंग हे आधी काहून नाई सांगतलं कोनी?"

कात्री उचलली नाही मी.
अख्खा पत्ता ठेवला समोर.
"एवढे पैसे नाई ना."
"राहू दे."
"फुकट नोको," म्हणाली,
सात गोळ्यांचे मोजून ठेवले, बाकीचे लिहायला लावले.
मग पत्ता उलटा केला,
जळक्या हाताचं बोट मागच्या अक्षरांवर.
"वाचा."

मागं चार गिऱ्हाइकं उभी.
घसा खाकरून वाचू लागलो,
एकेक शब्द, मराठीत करत.
पोरीनं कात्रीचा दोरा धरला होता,
सोडतच नव्हती.