कायमचा पत्ता

फॉर्म ट्रंकेत आहे,
गरम बनियनच्या घडीखाली.
वीस तारखेच्या आत युनिटला पोचवायचा.
पुढच्या नोकरीसाठी दोन चौकोन : इच्छुक, अनिच्छुक.
एवढंच विचारलंय सरकारनं.

रात्री दोनला डोळे आपोआप उघडतात.
दोन ते चारची ड्यूटी मुरलीय अंगात.
अंगणात येऊन उभा राहतो.
पलीकडच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागतात, एकदम विझतात.
कुणाची पोस्ट? कोण जागं आहे तिथं?
कुणी नाही. वारा आहे नुसता.

मेव्हणा म्हणतो, सेलमला या दाजी,
गलाईच्या दुकानात इस्वासाचं माणूस पायजे.
ॲसिडच्या वासाची सवय होती म्हणं
महिन्याभरात.

विट्याला बाळकू घोरपडे भेटला, बँकेच्या दारात.
नायब सुभेदार होता. आता दुनळी बंदूक
आणि सावलीमागं सरकवायची प्लॅस्टिकची खुर्ची.
मॅनेजर दिसला तसा उठला,
गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला.
"कसं हाय?"
"बरं हाय. रोज घरी जेवतो."
एवढंच म्हणाला. पण सावकाश म्हणाला.

मी आलो की घरात जागा करावी लागते,
खाटेवरची पेंडीची पोती खाली उतरतात.
टेंभूचं पाणी कधी सुटणार,
कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा,
वैजयंताला ठाऊक. सोसायटीत सही तिची.
डाळिंबाचा व्यापारी नमस्कार मला करतो
आणि भाव तिला सांगतो.
दोन दिवस खपून मी बांध साफ केला.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"आवो, ते गवत ठिवलंवतं म्हशीला."

माझ्या जायच्या तारखेला
ईश्वरी कॅलेंडरवर लाल गोल करते, दर सुट्टीला.
या खेपेला दिसेना. विचारलं, विसरलीस?
तिनं बोट ठेवलं. अगदी फिकट गोल होता.
"आई म्हणाली, ह्या वेळी पेनानं नको,
पेन्सिलीनं कर."

म्हणजे बनियन उन्हात घालताना
तिनं वाचलाय फॉर्म.
आणि ठेवलाय परत तसाच,
त्याच घडीखाली.

आज सकाळी पेन घेऊन बसलो.
नंबर झोपेतही लिहीन. रँक. नाव.
मग, कायमचा पत्ता.
गाव लिहिलं, तालुका खानापूर, जिल्हा सांगली.
पिनकोड आठवेना.
छप्पन्न ए.पी.ओ. तेवढं येत राहिलं हाताला.

आत हाक मारून विचारलं.
भाकरीची थाप थांबली.
एकेक आकडा तिनं सुटा सुटा सांगितला,
वायरलेसवर सांगतात तसा,
मधे जागा सोडत.
मी लिहून घेतले सगळे.

चौकोन अजून दोन्ही कोरे आहेत.
थाप अजून सुरू झालेली नाही.